मधल्या खोलीचा भाडेकरू

मांडवीच्या रस्त्याला लागून असलेलं ते दुमजली घर मी विकत घेतलं तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते आणि एका बाईंच्या घरी पुढच्या खोलीत भाड्याने राहत होते. घर घ्यायचं असं माझं काही ठरलेलं नव्हतं. शाळेतल्या एका सहकारी बाईंचे यजमान वकील होते, आणि एका मुंबईकराने आपलं रत्नागिरीतलं घर विकायचं काम त्यांच्याकडे सोपवलं होतं. मधल्या सुट्टीत डबा खाताना बाई सहज म्हणाल्या, "तुम्हीच का घेत नाही?" मी हसले. संध्याकाळी मात्र वकिलांच्या घराच्या पायऱ्या चढत होते, आणि आपण इथे कशाला आलो हे मला नीट सांगता आलं नसतं.

मुंबईच्या भावाचं म्हणणं होतं की पैसे गुंतवायचेच तर डोंबिवलीला ब्लॉक घे, चार वर्षांत भाव चढेल. ते मला पटतही होतं. आईचे दागिने होते, फंडातून कर्ज मिळत होतं. पण वकिलांबरोबर ते घर पाहायला गेले आणि डोंबिवली डोक्यातून गेली. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर लाकडी सज्जा, मंगलोरी कौलं. आगबोटी बंदरात लागत होत्या त्या काळात मालकाच्या आजोबांनी ते बांधलेलं. खाली माल उतरायचा आणि वर घरची माणसं राहायची. आगबोटी बंद झाल्या, माल गेला, घरची माणसं मुंबईला गेली आणि घरात भाडेकरू राहिले.

खाली डावीकडे कोर्टातून निवृत्त झालेले एक बेलीफ आणि त्यांची बायको. उजवीकडे एक शिंपी, पुढे दुकान आणि मागे संसार. वरच्या मजल्यावर पुढच्या दोन खोल्यांत एक भाभी आणि तिची म्हातारी सासू. भाभीचा नवरा मस्कतला होता. जिना आणि भाभीचं बिऱ्हाड यांच्या मध्ये आणखी एक खोली होती. तिला कुलूप होतं.

"ही मधली खोली रिकामी आहे," वकील म्हणाले. "तिन्ही भाडेकरू कायद्याने पक्के आहेत, त्यांना हात लावता येणार नाही. म्हणून तर घर स्वस्तात मिळतंय. पण ही खोली तुमची. राहायला या."

त्या एका वाक्यावर मी घर घेतलं. खोलीला रस्त्याकडे खिडकी होती एवढं मला खालून दिसलं होतं.

फेब्रुवारीत खरेदीखत झालं. मालकाने दिलेल्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन मी एका रविवारी सकाळी जिना चढले. अकरा किल्ल्या होत्या. एकही लागेना. खालून बेलीफकाका वर आले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"लोहाराला बोलावते," मी म्हटलं. "कुलूप तोडून टाकू."

"बाई, असं करू नका हो," ते म्हणाले. "कुलूप कोणाचं आहे ते माहीत नसताना तोडलंत, तर फौजदारी होईल. मी जन्मभर जप्तीची कामं केली. कुलूप ही फार वाईट गोष्ट आहे."

"पण घर माझं आहे."

"घर तुमचं. कुलूप तुमचं आहे का?"

मी जुडगा पिशवीत टाकला. मी खाली उतरले. शिंप्याने शिवण थांबवून मला नमस्कार केला आणि "मालकीणबाई" म्हणून हाक मारली. ती हाक ऐकून मी मागे वळून पाहिलं, कोणी दुसरी बाई आली आहे की काय.

आठ दिवसांनी जुन्या मालकांचं पोस्टकार्ड आलं. मजकूर साधाच होता. मधल्या खोलीचं भाडं दर महिन्याला मनीऑर्डरने येतं, वडील असताना त्यांचे दिवाणजी ते घेत असत, आपल्या ध्यानातून ते राहून गेलं, आता मनीऑर्डर तुमच्या पत्त्यावर वळवली आहे, क्षमस्व. ते कार्ड घेऊन मी वकिलांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "म्हणजे चौथा भाडेकरू आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "पण तो कुठे आहे?" ते म्हणाले, "ते कार्डात नाही."

पुढच्या महिन्यात पोस्टमन शाळेत आला आणि त्याने माझ्या हातात मधल्या खोलीचं भाडं ठेवलं. मनीऑर्डर दापोलीहून आली होती. पाठवणाऱ्याचं नाव, खाली "रोपवाटिका, दापोली" एवढाच पत्ता, आणि निरोपाच्या जागी तीन शब्द: भाडे पोचले समजावे. मी सही केली. मग तास घ्यायला वर्गात गेले आणि फळ्यावर एक सोपं उदाहरण दोनदा चुकले.

घरात विचारलं तर प्रत्येकाला थोडं थोडं माहीत होतं आणि ते एकमेकांशी जुळत नव्हतं. बेलीफकाका म्हणाले, लाँचवर काम करणारा एक तरुण मिस्त्री होता, आठ-नऊ वर्षांपूर्वी गेला. शिंपी म्हणाला, मिस्त्री नाही, सुतार होता, आणि बाराएक वर्षं तरी झाली. भाभी म्हणाली, "मी लगीन होऊन आले तवापासून कुलूपच हाय, बाई." तिची सासू माझ्याकडे पाहत होती आणि पानाला चुना लावत होती.

वकिलांना मात्र यात चांगली बातमी दिसली. भाडेकरूने सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ खोली बंद ठेवली तर मालकाला ती मागता येते, असं ते म्हणाले. दावा लावू, वर्ष-दोन वर्षं जातील, पण खोली मिळेल. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मेच्या सुट्टीत मी दापोलीची एसटी पकडली. नोटीस पाठवण्याआधी माणूस पाहावा एवढंच माझ्या मनात होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

चिपळूण, खेड करत गाडी दापोलीला पोचली तेव्हा दुपार उलटली होती. रोपवाटिकेच्या फाटकाशी मी मनीऑर्डरवरचं नाव सांगितलं. पहारेकरी म्हणाला, "ह्या नावाचा इथं कोणी नाय." आतून एक कारकून आला, नाव ऐकून जरा थांबला, आणि म्हणाला, "तुम्ही रत्नागिरीच्या का?" त्याने मला आंब्याच्या कलमांच्या ओळींतून मागच्या शेडकडे नेलं. तिथे पन्नाशीचा एक माणूस उकिडवा बसून कलमं बांधत होता. बोटं हिरवीकाळी झालेली. मी नाव विचारलं तर त्याने मान हलवली.

"तो माझा धाकटा भाव," तो म्हणाला. "मी थोरला. फारम कारकूनभाऊ भरतात, नाव भावाचं घालतो. खोली त्याच्या नावावर हाय ना."

"मग भाऊ कुठे आहेत?"

"ते म्हाईत नाय."

त्याने हात धुतले आणि मला बाकावर बसवलं. भाऊ लाँचवर मिस्त्री होता. खोली घेतल्यावर दोन वर्षांनी तो एका ट्रॉलरबरोबर वर गुजरातच्या बाजूला गेला. जाताना दापोलीला येऊन म्हणाला, चार-सहा महिन्यांत येतो, तोवर खोली सोडू नकोस, रत्नागिरीत पुन्हा अशी खोली मिळायची नाही. सुरुवातीला त्याची पत्रं आली. मग नाही आली.

"किती वर्षं झाली?"

"दहा झाली आसतील."

"आणि तुम्ही दहा वर्षं भाडं भरताय?"

"सोडू नको म्हनला होता," तो म्हणाला. एवढं सांगितल्यावर आणखी काय सांगायचं, असं त्याच्या तोंडावर होतं.

मी विचारलं, खोलीत काय काय आहे? तो म्हणाला, मी ती खोली कधी पाहिलेली नाही. रत्नागिरीला दोनदा गेलो, पण किल्ली भावाकडे, मग वर जाऊन करायचं काय. रस्त्यावरून खिडकी पाहिली आणि परत आलो.

मी नोटिशीबद्दल बोलायला गेले होते. त्याऐवजी मी म्हटलं, "मीसुद्धा आतून पाहिलेली नाही." त्याने ओले हात सदऱ्याला पुसले. मग तो म्हणाला, "येतो मी उद्या तुमच्याबरोबर. आपन बघूया."

त्या रात्री मी सहकारी बाईंच्या नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीने आम्ही दोघं रत्नागिरीला निघालो. तो धुतलेला सदरा घालून आला होता. सगळ्या वाटेत फार तर चार वाक्यं बोलला. एक मात्र आठवतं. संगमेश्वराच्या पुढे त्याने विचारलं, "बाई, खोली कशी हाय, ऐसपैस हाय का?" मी म्हटलं, "खालून तर वाटते."

जिन्यात सगळं घर गोळा झालं. कुलूप त्याच्या भावाचं, तेव्हा तोडायला त्याची हरकत नाही, असं त्याने बेलीफकाकांसमोर सांगितलं. बेलीफकाका काहीतरी बोलू पाहत होते. इतक्यात त्यांची बायको पुढे आली, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

आतून आंब्यांचा वास आला. साऱ्या जमिनीवर गवत अंथरलेलं आणि त्यावर ओळीने हापूस. एका बाजूला सुपांत आमसुलं वाळत होती. दोरीवर शिंप्याच्या बायकोच्या गोधड्या. अगदी कोपऱ्यात एक लोखंडी खाट, तिच्यावर एक हिरवी ट्रंक, आणि ट्रंकेवर एक स्वच्छ धुतलेली चादर, घडी घालून.

"रागावू नका हो, बाई," काकी म्हणाल्या. "पाच वर्षांमागे वरून पाणी गळून खाली आमच्या देवांवर पडायला लागलं, तेव्हा कुलूप बदलून आत शिरलो. मग आंबे पिकत घालायला घरात दुसरी अशी उबेची जागा नाही. ह्यांच्या भावाचं सामान मात्र कोणी हलवलं नाही. दर दिवाळीला चादर धुते मी."

भाभी म्हणाली, "मी सांगनार होते." शिंप्याने गोधड्या काढायला घेतल्या. बेलीफकाका सज्जाकडे तोंड करून उभे होते. पहिल्या दिवशी फौजदारीची भीती घालणारा हाच माणूस, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. राग यावा असं मला वाटत होतं, पण तो कोणावर काढायचा ते ठरेना.

दापोलीच्या भावाने चपला बाहेर काढल्या आणि आंब्यांतून वाट काढत तो खाटेपर्यंत गेला. त्याने ट्रंकेवर हात ठेवला, उघडायचा प्रयत्न केला नाही. छताकडे पाहिलं, खिडकी उघडून रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरी हाय खोली." काकींनी त्याला दोन डझन आंबे बांधून दिले. त्याने आधी नको म्हटलं. मग फळ हातात घेऊन देठाकडे निरखून पाहिलं आणि कोणाच्या बागेतलं, असं विचारलं. बेलीफकाका आणि तो अर्धा तास आंब्याच्या मोहोराबद्दल बोलत बसले.

निघताना तो मला म्हणाला, "बाई, तुमी इथं ऱ्हावा. बंद खोलीला वाळवी लागते. भाव आला की मी सांगेन."

मी वकिलांना हे सगळं सांगितलं. ते कागदावर काहीतरी लिहीत ऐकत होते. "खोली वापरात आहे की नाही?"

"आहे. पण दुसऱ्यांच्या."

"मग पोटभाडेकरू ठेवले, असा मुद्दा येतो."

"पोटभाडेकरू कुठले, आंबे होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई," ते म्हणाले, "तुम्हाला खोली हवी आहे की नको आहे?" मला खरंच ठाऊक नव्हतं. खोली हवी होती. पण ज्या रीतीने ती मिळणार होती, ती रीत नको होती. हे वकिलांना सांगण्यासारखं कारण नव्हतं.

शाळा सुरू व्हायच्या आधी मी त्या खोलीत राहायला गेले. खाट आणि ट्रंक होती तिथेच ठेवली, माझी खाट खिडकीशी लावली. आणि पुढच्या महिन्यात, पूर्वीसारखंच, मधल्या खोलीचं भाडं आलं. मी राहत होते त्या खोलीचं भाडं, मला. मी पोस्टमनला म्हटलं, परत पाठवा. तो म्हणाला, "का परत?" मी म्हटलं, "कारण मी तिथे राहते." तो म्हणाला, "मग तुम्ही द्यायला हवं ना?" शेवटी त्याने "नाकारली" असा शेरा मारून मनीऑर्डर परत पाठवली. आठ दिवसांत दापोलीहून पत्र आलं, कारकुनाच्या अक्षरात. भाडे नाकारू नये. भाडे नाकारले की खोली गेली असे होते. खाली त्या माणसाची स्वतःची, मोठ्या अक्षरांतली, उतरती सही होती. त्यानंतर मी कधी नाकारलं नाही. ते पैसे त्या पावसाळ्यानंतर वरच्या कौलांना आणि वाशांना लागले.

माझी स्थिती काय आहे हे बाहेरच्या माणसाला समजावता समजावता मी थकले. रेशनकार्डावर पत्ता बदलायला गेले तर कारकून म्हणाला, घरमालकाचं पत्र आणा. मी म्हटलं, घरमालक मीच. तो म्हणाला, मग तुम्ही स्वतःच्या ताब्यातल्या खोलीत राहता असं लिहा. मी म्हटलं, खोली भाडेकरूच्या ताब्यात आहे. तो म्हणाला, मग भाडेकरू कुठे राहतो? मी म्हटलं, ते माहीत नाही. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. दुसऱ्या खेपेला मी बेलीफकाकांना बरोबर नेलं. त्यांनी कारकुनाशी अशा काही कोर्टाच्या भाषेत बोलणं केलं की दोघांनाही काही कळलं नसावं, पण शिक्का मिळाला.

अशी तीन-चार वर्षं गेली. रस्ता बदलत होता. समोरच्या जुन्या वखारीत लॉज झालं. कोपऱ्यावर व्हिडिओ पार्लर निघालं. आखातातून आलेल्या पैशांवर शेजारी काँक्रीटची घरं उभी राहिली, गुलाबी आणि पोपटी रंगांची. रेल्वे येणार, रेल्वे येणार असं सगळे बोलत होते, आणि त्या बोलण्यावरच जमिनींचे भाव चढत होते. एका संध्याकाळी एक बिल्डर घरी आला. सज्जातल्या खुर्चीत बसून त्याने नकाशा उलगडला. चार मजले, खाली दुकानं, प्रत्येक भाडेकरूला मालकीचा ब्लॉक, मला दोन.

"ही कौलं अजून किती पावसाळे काढणार, बाई?" तो म्हणाला. "आज हे घर म्हणजे ओझं आहे. उद्या सोनं होईल."

मी प्रत्येकाला विचारलं. शिंप्याला ब्लॉक नको होता, रस्त्यावरचं दुकान हवं होतं. भाभीला ब्लॉक हवा होता, नवऱ्याची मस्कतहून तार येण्याआधीच तिने स्वयंपाकघरातल्या फरशीचा रंग ठरवला होता. तिच्या सासूने पहिल्यांदाच माझ्याशी बोलून सांगितलं, की तिला जिना लहान हवा, बाकी काहीही चालेल. बेलीफकाका सही करायला तयार होते, काकी नव्हत्या. त्यावरून त्या दोघांत दोन दिवस अबोला. आणि मी? दिवसा मला दोन ब्लॉक दिसत आणि मुंबईच्या भावाचं बरोबर होतं असं वाटे. संध्याकाळी सज्जात बसले की तो नकाशा दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा वाटे.

चौथी सही मधल्या खोलीच्या भाडेकरूची हवी होती. मी दापोलीला पत्र टाकलं. थोरला भाऊ आला, बिल्डरचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी सही कशी करू? खोली माझी नाय."

"पण भाडं तर तुम्हीच भरता," बिल्डर म्हणाला. "भावाच्या नावाने फॉर्मही भरता. तसंच एकदा इथे करा."

"भाडं येगळं," तो म्हणाला. "हे येगळं."

बिल्डर आणखी दोनदा आला. मग त्याने पलीकडचं घर घेतलं आणि पुढच्या वर्षी तिथे चार मजले चढले. भाभी महिनाभर माझ्याशी तुटक बोलायची. दिवाळीनंतर तिचं बोलणं पूर्ववत झालं. मला सुटल्यासारखं वाटलं की गमावल्यासारखं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

त्यानंतर एका श्रावणात घराच्या पत्त्यावर एक आंतरदेशीय पत्र आलं. वर फक्त "घरमालक" लिहिलेलं. वेरावळहून आलं होतं. लिहिणारा मधल्या खोलीचा भाडेकरू होता. पूर्वी तो या घरात राहत होता. खोली केव्हाच दुसऱ्याला दिली असेल. पण जुनं सामान कुठे पडलं असेल तर हिरव्या ट्रंकेत त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. नोकरीत जन्मतारखेचा पुरावा मागतात, तेवढा पाठवला तर उपकार होतील. बायकोमुलांसह तो तिथेच कायम झाला होता. दापोलीचं नाव पत्रात कुठेच नव्हतं.

मी ते पत्र दोन दिवस गणिताच्या वहीत ठेवलं. थोरल्याला कळवू नये, दाखला गुपचूप पाठवून द्यावा, असंही मनात येऊन गेलं. मग मी कळवलं.

तो आला, माझ्या खाटेच्या कडेला बसला आणि पत्र ओठ हलवत हलवत वाचलं. दोनदा वाचलं. मग मला देऊन म्हणाला, "माजं नाव हाय काय कुठं? मला गावलं नाय."

"नाही," मी म्हटलं.

तो कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे पाहत बसला. भाभी दारात चहा घेऊन उभी होती, तिला आत यावं की नाही कळेना. "जिता हाय म्हंजे," तो शेवटी म्हणाला, आणि चहा घेतला.

ट्रंकेची किल्ली नव्हती. शिंप्याने कात्रीच्या टोकाने कडी उचकटली. आत दोन शर्ट, नट आवळायचे पाने, स्क्रू, एक आरसा, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत दाखला. थोरल्याने त्यावरची जन्मतारीख वाचली. "ही खोटी हाय," तो म्हणाला. "शाळेत घालताना मीच सांगितली होती. खरी कोनाला म्हाईत?"

उत्तर मी लिहायचं ठरलं. त्याने सांगितलं तसं मी लिहिलं: दाखला पाठवीत आहे. खोली अजून आपल्याच नावावर आहे. कौलं नवीन घातली आहेत.

"आणि तुमचं काय लिहू?"

"माजं काय लिवायचं? भाडं कोन भरतो ते त्याला समजंल."

तो संध्याकाळच्या गाडीने गेला. रात्री मला राहवेना. मी तेच पत्र पुन्हा लिहून काढलं आणि खाली एक ओळ वाढवली: भाडे इतकी वर्षे आपले थोरले बंधू भरीत आहेत. सकाळी वाटलं, त्याने नको म्हटलं होतं, आपल्याला काय अधिकार. पोस्टात रजिस्टरच्या रांगेत उभी असताना मी एक कागद पाकिटात घातला आणि दुसरा फाडून टाकला. पाकीट खिडकीतून आत गेलं, आणि मला शंका आली. फाडलेले तुकडे मी तिथल्याच टोपलीत टाकले होते. ते काढून जुळवून पाहण्याचं धाडस झालं नाही. कुठलं पत्र गेलं हे मला आजही सांगता येत नाही. पोचपावती सहीनिशी परत आली. उत्तर आलं नाही. ती सही मी दापोलीला पाठवून दिली.

मनीऑर्डरी येत राहिल्या. मला वाटलं होतं, आता थांबतील. मी पत्रात विचारलंही, आता कशासाठी. त्यावर काही उत्तर आलं नाही.

दोन वर्षांनी जूनमध्ये तो अचानक दारात उभा राहिला. बरोबर त्याची मुलगी होती, एक गादीची वळकटी आणि बादली. मुलगी त्या वर्षी बारावी झाली होती आणि तिला रत्नागिरीच्या कॉलेजात जायचं होतं. वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. तो जिन्यातच अडखळत बोलू लागला. खोली तशी भावाची आहे, पण भाऊ काही येत नाही, आणि मुलीला तीन वर्षांपुरती जागा लागेल, बाईंची हरकत नसेल तर. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या खोलीतलं काहीतरी स्वतःसाठी मागत होता, आणि तेही माझ्याकडे, जिच्याकडे तो इतकी वर्षं त्याच खोलीचं भाडं भरत होता.

"विचारता काय," मी म्हटलं. "खोली तुमची आहे."

"नाय, घर तुमचं," तो म्हणाला.

यावर आम्ही दोघांनी जिन्यात उभं राहून काही वेळ वाद घातला, आणि कोणी जिंकलं नाही. तेवढ्यात मुलगी आत गेली होती. तिने चुलत्याची लोखंडी खाट भिंतीपासून ओढून खिडकीशी आणली, माझी थोडी मागे सरकवली, आणि वळकटी सोडून गादी टाकली. मग बाहेर येऊन तिने विचारलं, "बाई, पाणी किती वाजता येतं हो इथं?"

मी सांगितलं, पहाटे पाचला येतं, खाली काकींच्या आधी नळावर गेलीस तर भरून होतं. तिने मान हलवली आणि बादली जिन्याच्या तोंडाशी नेऊन ठेवली.